गोपाळ गणेश आगरकर : एका सदऱ्याच्या गोष्टीपुढे



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहायच्या असे मी ठरवले होते. पण मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरांवर, पी. टी.च्या तासाला खाल्लेल्या छड्यांवर आणि सहलीला बंद पडलेल्या एस. टी.वर बाकीचे लिहितीलच. मी एका अशा माणसाविषयी लिहिणार आहे, ज्याची ओळख आपल्या सगळ्यांना याच शाळेत झाली आणि जो आपल्या शाळेत कधीच आला नाही. आगरकर 1895 साली वारले. तरीही या मेळाव्याच्या तयारीत मला त्यांचीच आठवण झाली. त्याचे कारण सांगते.

आठवीत मराठीच्या सरांनी आपल्याला आगरकरांची गोष्ट सांगितली होती. कॉलेजात शिकताना त्यांच्याकडे अंगात घालायला एकच सदरा होता. रात्री तो धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींकडे गणवेशाचा एकच जोड असायचा. पावसाळ्यात तो चुलीच्या उबेवर वाळवावा लागायचा. त्यामुळे ती गोष्ट आपल्याला सांगावी लागली नाही, ती आपलीच होती. पुढे चाळीस वर्षांत कुणाच्याही तोंडी आगरकरांचे नाव आले की तो सदराच आठवायचा. पण हा माणूस देव मानत नव्हता, हे मला शाळेत कळले नाही. ते फार नंतर, नोकरीला लागल्यावर वाचनातून कळले.

मेळाव्याच्या पहिल्या बैठकीला आपण काही जण जमलो होतो. बैठक संपल्यावर सगळ्यांनी अंबाबाईच्या दर्शनाला जायचे ठरले. मी म्हटले, तुम्ही जाऊन या, मी बाहेर चपला सांभाळते. एकीने कारण विचारले. मी खरे ते सांगितले, की माझा देवावर विश्वास उरलेला नाही. ती रागावली नाही. पण दर्शन घेऊन आल्यावर परतीच्या वाटेवर तिने मला अगदी मनापासून एक प्रश्न विचारला. तू बँकेत तीस वर्षे लोकांचे पैसे मोजलेस. वर कुणी बघत नाही असे तुला वाटते, तर मग तुला कोणी अडवले? चांगले वागायचे ते कशासाठी?

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. ते मी माझ्या तोंडून देण्यापेक्षा आगरकरांच्या आयुष्यातून द्यावे असे मला वाटते, कारण हाच प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला आणि त्यांनी तो जगून सोडवला.

कोल्हापूरहून पुण्याला जाताना कऱ्हाड लागते. त्या कऱ्हाडजवळच्या कृष्णाकाठच्या टेंभू या गावी 14 जुलै 1856 रोजी गोपाळचा जन्म झाला. घरची गरिबी इतकी की शिकायचे तर दुसऱ्याच्या आधाराने. कऱ्हाडला राहून जेवढे इंग्रजी शिकता आले तेवढे शिकून झाल्यावर पुढचे शिक्षण गावात नव्हते. मग कचेरीत उमेदवारी केली. शिकायची सोय होईल या आशेने हा मुलगा घाट उतरून पायी रत्नागिरीला गेला. तिथे जम बसला नाही, तेव्हा तसाच परत आला. मग कऱ्हाडच्या दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने वऱ्हाडात अकोल्याला गेला आणि तिथून 1875 साली मॅट्रिक झाला. अकोल्याला त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले. आज या मेळाव्याला आपले जे गुरुजन आले आहेत त्यांना हे वाचून बरे वाटेल, की सातारा, रत्नागिरी आणि वऱ्हाड असे तीन मुलूख पालथे घातल्यावर त्या मुलाला उभे केले ते एका शाळेने आणि शाळेतल्या मास्तरांनी.

पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज. एका सदऱ्याची गोष्ट तिथली. 1878 साली ते बी. ए. झाले आणि पुढे एम. ए. त्या काळात एम. ए. झालेला माणूस म्हणजे सरकारी नोकरीत मोठ्या पगाराची जागा ठरलेली. घरी आई वाट पाहत होती, की आता मुलगा कमावता होईल आणि दारिद्र्य फिटेल. त्या आईला त्यांनी एक पत्र लिहिले, ते मराठीत फार प्रसिद्ध आहे. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी लोकांच्या कामी लावणार आहे, असा त्याचा मथितार्थ.

इथे क्षणभर थांबा. ज्या माणसाला स्वर्ग नाही, पुढचा जन्म नाही, पुण्याची जमा मांडून ठेवणारा चित्रगुप्त नाही, त्याने हा सौदा का करावा? हिशेबाने पाहिले तर तो निव्वळ तोट्याचा आहे. माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाची पहिली गाठ इथेच सुटायला लागते. आगरकरांना लोकांच्या अज्ञानाचे दुःख दिसत होते आणि ते कमी करता येईल असे वाटत होते. कारण म्हणून त्यांना तेवढे पुरले.

डेक्कन कॉलेजात 1879 च्या सुमारास त्यांची आणि बळवंतराव टिळकांची दोस्ती झाली. सरकारी नोकरी न करता शाळा काढायची, असे दोघांनी ठरवले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली होतीच. 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम. ए. झाल्यावर आगरकर शाळेत आले. 1881 च्या जानेवारीत इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' ही पत्रे निघाली. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते, टिळक नव्हते, हे आजही अनेकांना ठाऊक नसते.

यानंतर गोष्टीत आपले कोल्हापूर येते. त्या वेळी इथे चौथे शिवाजी महाराज गादीवर होते. 1871 साली लहानपणीच ते दत्तक आलेले. कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली, आणि दिवाण रावबहादूर बर्वे. महाराजांना वेड लागले आहे असे सांगितले जात होते. उलट त्यांचा छळ होतो आहे, अशी बोलवा सगळ्या महाराष्ट्रात होती. शिवाजीचा वंश, कोल्हापूरची गादी आणि त्यावर असहाय तरुण राजा. लोकांचे मन कळवळले होते. याच सुमारास दिवाणांनी लिहिलेली म्हणून काही पत्रे पुण्यात आली. त्यांच्या आधारे 'केसरी' आणि 'मराठा'ने दिवाणांवर टीका केली. दिवाणांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रे बनावट निघाली.

टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण खटला चालला. 17 जुलै 1882 रोजी दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले आणि 26 ऑक्टोबरला ते सुटले. खटला चालू असतानाच, त्या वर्षीच्या मार्चमध्ये, चिपळूणकर वारले होते. आणि ज्यांच्यासाठी हे सगळे घडले ते शिवाजी महाराज 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर वारले. अवघे वीस वर्षांचे होते. त्यांच्या मागून 1884 च्या मार्चमध्ये कागलकर घाटग्यांच्या घरातून दत्तक आले, ते आपले शाहू महाराज.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की बुद्धीला प्रमाण मानणारा माणूसही फसला. हेतू चांगला होता, कळवळा खरा होता, पण पुरावा खोटा होता. चांगले मन असले की चांगलेच घडते असे नाही. समोर आलेला कागद तपासून घ्यावा लागतो. आपल्या मोबाइलवर रोज सकाळी जे येते ते पुढे ढकलण्याआधी डोंगरीचे 101 दिवस आठवावेत, असे मी स्वतःला बजावते.

दुसरी गोष्ट जामिनाची. या खटल्यात दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. ती रक्कम त्या काळी प्रचंड होती. महात्मा फुले यांनी शब्द टाकला आणि रामशेठ उरवणे यांनी जामीन दिला. फुल्यांचे आणि या मंडळींचे विचार जुळत नव्हते. चिपळूणकरांनी तर फुल्यांवर कडाडून टीका केलेली. शिवाय फुले निर्मिकावर, म्हणजे सगळ्यांना निर्माण करणाऱ्या एका ईश्वरावर, श्रद्धा ठेवणारे. आगरकर त्याही ईश्वराविषयी साशंक. पण तुरुंगाच्या दाराशी एकाची श्रद्धा आणि दुसऱ्याची अश्रद्धा आडवी आली नाही.

डोंगरीच्या कोठडीत दोघा मित्रांचे वाद इतके रंगत की पहारेकरी दटावत. आधी समाज सुधारायचा की आधी राज्य मिळवायचे, हा त्यातला मोठा वाद. त्या दिवसांवर आगरकरांनी सुटून आल्यावर छोटे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे त्यांनी केलेले मराठी रूपांतर 'विकारविलसित' हे 1883 साली प्रसिद्ध झाले. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. तिथे आगरकर शिकवू लागले.

पण डोंगरीतला वाद बाहेर आल्यावर मिटला नाही, वाढत गेला. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, सोवळे-ओवळे या विषयांवर आगरकरांना जे लिहायचे होते ते 'केसरी'तल्या सहकाऱ्यांना मानवेना. 1887 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात स्वतःचे 'सुधारक' हे पत्र काढले. मराठी बाजू त्यांची आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांची. गोखले म्हणजे कागलच्या घरातले, आपल्या कोल्हापुरात शिकलेले.

आगरकर हे सगळ्या बाबतींत निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. सोसायटीतल्या शिक्षकांच्या वेतनवाढीवरून आणि बाहेरच्या मिळकतीवरून जे वाद झाले त्यात आगरकर एका बाजूला आणि टिळक दुसऱ्या बाजूला होते. संसार चालवायचा तर पगार थोडा वाढला पाहिजे, हे आगरकरांचे म्हणणे. त्याग करायचा तर पुरता, हे टिळकांचे. 1890 साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. दोघांच्या लेखण्याही एकमेकांवर बोचऱ्या चालल्या. मला यात आगरकर कमी वाटत नाहीत, उलट माणूस वाटतात. दम्याने बेजार, घरी बायको-मुले, आणि महिनाअखेर हातात पुरेसे पैसे नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आगरकर देवाविषयी काय म्हणत होते? कुणी त्यांना नास्तिक म्हणतात, कुणी अज्ञेयवादी. कॉलेजात त्यांनी मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांचा अभ्यास केला होता. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते माणसाला कळलेले नाही, आणि जे कळलेले नाही त्याच्या नावाने रूढी लादू नयेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. देवदेवतांची कल्पना कशी निपजली असावी, यावरही त्यांनी लिहिले. निसर्गाची भीती, स्वप्नात दिसणारे मेलेले आप्त, न उलगडणाऱ्या घटना यांतून माणसाने देव कल्पिले, अशी त्यांची मांडणी.

मग नीती कुठून आली? आगरकरांच्या लेखनातून मला जे कळले ते माझ्या शब्दांत सांगते. माणूस एकटा जगू शकत नाही. एकत्र राहायचे तर एकमेकांचा विश्वास लागतो, खोटे बोलून तो मोडतो. दुसऱ्याला दुखले की आपल्यालाही कुठेतरी दुखते, ही सहानुभूती माणसात आहे, आणि शिक्षणाने ती घरापासून गावापर्यंत व गावापासून जगापर्यंत वाढवता येते. कोणत्या वागण्याने सुख वाढते आणि कोणत्याने दुःख, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून कळत जाते. नीती म्हणजे ही शिदोरी. ती पोथीत उतरली, पण जन्मली माणसांमध्ये. म्हणूनच तिच्यात चूक सापडली तर ती दुरुस्त करण्याचा हक्कही माणसांचाच.

हा शेवटचा मुद्दा त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न लावणे, नवरा मेला की तिचे केस काढून तिला अंधाऱ्या खोलीत बसवणे, हे सगळे त्या काळात धर्म म्हणूनच चालत होते. करणारे लोक दुष्ट नव्हते. देवभीरू होते, घरोघरचे सज्जन होते. वर कुणी बघतो आहे याची त्यांना पुरी खात्री होती, आणि तरीही ते हे करत होते. म्हणजे देवाचे भय असले की माणूस चांगलाच वागतो, असे दिसत नाही. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर आणण्याएवढाच तो बदल होता. त्यावरून पुण्यात रणे माजली. सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असा टिळकांचा पक्ष होता. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. त्या मुलीचे दुःख त्यांना कोणत्याही वचनापेक्षा मोठे वाटले.

याची किंमत त्यांनी मोजली. विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. आपण जिवंत असताना आपल्याच दारावरून आपली तिरडी जाताना पाहणे काय असेल, याची कल्पना करा. घरात बायको आहे, मुले आहेत. त्यानंतरही पुढच्या अंकात हा माणूस त्याच विषयावर लिहीत राहिला.

हा प्रश्न फक्त पुण्यात पेटला होता असेही नाही. त्याच दशकात इंग्लंडात चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक 1880 साली पार्लमेंटवर निवडून आला. देवाची शपथ त्याच्या बाबतीत निरर्थक, म्हणून सभागृहाने त्याला बसू दिले नाही. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, तेव्हा 1886 साली तो आत गेला. हाच ब्रॅडलॉ 1889 च्या मुंबई काँग्रेसला येऊन गेला. देव न मानणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा का, हा माझ्या मैत्रिणीचा प्रश्न तेव्हा लंडनमध्येही विचारला जात होता. आणि त्याच्या फार आधी, ग्रीसमध्ये सॉक्रेटिसने विचारले होते, की चांगली गोष्ट देवांना आवडते म्हणून चांगली, की ती चांगली आहे म्हणून देवांना आवडते? दुसरे खरे मानले, तर चांगुलपणाचे माप देवाच्या आधीपासून आपल्या हातात आहे.

इतके लांब जायचीही गरज नाही. आपल्या वर्गात किती जैन मुले-मुली होती ते आठवा. त्यांच्या डब्यात कांदा-लसूण नसायचा आणि पायाखाली मुंगी आली तर ती पाय उचलून घ्यायची. जैन धर्म जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नाही. कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरावर आपली सहल गेली होती, तिथे कर्ता-करविता असा देव नाही, पण अहिंसा आहे. बुद्धानेही जगाच्या कर्त्यावर आपली शिकवण उभी केली नाही. त्या धर्मांत कर्म आहे, पुनर्जन्म आहे, आगरकर तेही मानत नव्हते, हे खरे. पण ईश्वराशिवाय नीती ही कल्पना काही विलायतेहून आगबोटीतून आली नाही.

याची दुसरी बाजूही मला सांगितली पाहिजे, नाहीतर मी आगरकरांशी आणि तुमच्याशीही अप्रामाणिक ठरेन. देव नाकारला की माणूस आपोआप चांगला होतो, असेही नाही. विसाव्या शतकात देवाला हद्दपार करणाऱ्या राजवटींनीही लाखो माणसे मारली. उलट आपल्या शाहू महाराजांकडे पाहा. ते देव मानणारे होते. त्यांनी 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. फुले निर्मिकाला मानत, शाहू देवाला, आगरकर कुणालाच नाही. पण शाळेच्या दारात तिघेही एकाच बाजूला उभे दिसतात. माझ्या मते तिघांनाही समोरच्या माणसाचे दुःख दिसत होते, आणि ते दाखवायला कुणाला देवाची मदत झाली, कुणाला झाली नाही. सहानुभूती मूळ आहे. श्रद्धेने तिला खत घालता येते आणि श्रद्धेने ती जाळताही येते.

आता माझी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण आगरकर मला पुस्तकातून खाली उतरून कामी आले ते इथे. काही वर्षांपूर्वी माझे बाबा गेले. त्यांचे दिवस करायला माझे मन तयार नव्हते. न मानणाऱ्या गोष्टी करणे हा मला खोटेपणा वाटत होता. आई काही बोलली नाही, पण दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मला आगरकर आणि यशोदाबाई आठवल्या. यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. देवपूजा, व्रतवैकल्ये करणाऱ्या. सोवळ्यावर लेखणीने तुटून पडणाऱ्या या माणसाने घरात बायकोच्या देवघराला हात लावला नाही. आधी मला ही विसंगती वाटायची. त्या दोन दिवसांत मला तिचा अर्थ लागला. ज्याने बाहेर जन्मभर सांगितले की दुसऱ्याच्या बुद्धीवर जुलूम करू नका, त्याने घरात तरी बायकोच्या मनावर जुलूम कसा करावा? पटवून द्यावे, वाट पाहावी, पण ओढू नये.

मी आईबरोबर पंचगंगेच्या घाटावर गेले. मी हात जोडले नाहीत, मंत्र म्हटले नाहीत, आणि तिला ते आधीच सांगितले होते. मी फक्त तिच्या शेजारी बसले. पिंडाला कावळा शिवेना. सगळे ताटकळले. आई पदराआडून बाबांशी पुटपुटत होती, की पोरीवर रागावू नका. मी तिचा हात धरून ठेवला. कावळा आला तेव्हा ती ज्या समाधानाने हसली, ते मला आजही दिसते. कावळ्याला बाबांची इच्छा कळते, असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पण तो हात सोडून, मोठ्या तत्त्वाने घरी बसले असते तर माझे काय बरोबर ठरले असते, हे मला सांगता येत नाही. हे कुणाला तडजोड वाटेल. वाटू दे.

आगरकर 1892 साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा वाढतच होता. 17 जून 1895 रोजी ते गेले तेव्हा त्यांचे वय चाळीसही नव्हते. असे सांगतात, की त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली. तिच्यात थोडे पैसे होते आणि ते त्यांच्या अंत्यविधीसाठी होते. आपल्या मरणाचा भुर्दंड दुसऱ्या कुणावर पडू नये, म्हणून तेवढे बाजूला काढून ठेवलेले. टिळकांशी त्यांचे किती वैर माजले होते, पण 'केसरी'तला मृत्युलेख लिहिताना टिळकांच्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते म्हणतात.

माझ्या मैत्रिणीला मला त्या पुरचुंडीविषयी सांगायचे आहे. ते पैसे ठेवताना त्या माणसाला पुण्य मिळणार नव्हते. तो मेल्यावर कुणी त्याला शाबासकी देणार नव्हते आणि दिली असती तरी ऐकायला तो नव्हता. त्याने एवढेच पाहिले, की आपण गेल्यावर खर्चासाठी दुसऱ्या कुणाला हात पसरावा लागू नये. बँकेच्या काउंटरवर नोटा मोजताना मला अडवणारेही असेच कुणीतरी होते. वर नव्हते, समोर होते. पेन्शनची वाट बघत रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या, महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या मोलकरणी. त्यांच्या पासबुकातला एक रुपया इकडचा तिकडे झाला तर रात्री मला झोप आली नसती.

आपल्या या शहरात 2015 च्या फेब्रुवारीत कॉम्रेड गोविंद पानसरे यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी दीड वर्षाने पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्राच काढली. वेगळा विचार सांगणाऱ्या माणसाला तेव्हा तिरडी दाखवत, आता तेवढ्यावर थांबत नाहीत, हे लिहिताना मला वाईट वाटते. म्हणून त्या दिवशी मैत्रिणीने मला जो प्रश्न विचारला, तो मी अपमान समजले नाही. तिने विचारले, आणि उत्तर ऐकायला ती तयार आहे. देवळातून येताना तिने माझ्यासाठी प्रसादाचा पेढा आणला होता, आणि मी तो खाल्ला.

वि. स. खांडेकरांनी आपल्या याच गावात राहून आगरकरांवर पुस्तक लिहिले आहे. ज्यांना जमेल त्यांनी ते वाचावे. आणि आपल्या सरांना माझी एक विनंती आहे. सर, आता आपण नातवंडांना गोष्टी सांगत असाल. आगरकरांच्या सदऱ्याची गोष्ट सांगाल तेव्हा पुरचुंडीचीही सांगा. तो माणूस देव मानत नव्हता, हेही सांगून टाका. मुलांना ते समजते. आम्हालाही समजले असते.

मेळाव्याच्या दिवशी सगळे दर्शनाला जाल तेव्हा चपला मीच सांभाळीन. एकही जोड इकडचा तिकडे होणार नाही, याची हमी.